कोठीवरचा जावई

काल तुमच्या तेराव्याला शेवटच्या पंगतीला भात कमी पडला.

ऐकताय ना? तुमच्याच तेराव्याला. आम्ही सत्तर पानं धरली होती, जेवली दीडशेच्या वर. अख्खी शुक्रवार पेठ आली, भवानी पेठेतली मागावरची तेलुगू माणसं आली, गिरणीतली तुमची पहिली पाळी तर कपडेसुद्धा न बदलता आली. तिसऱ्या पंगतीला आमटीत पाणी घातलं, चौथीला भात संपला. विलास घामाघूम होऊन आत आला आणि म्हणाला, "आई, कोठीवर कोण बसलंय?" मी म्हटलं, "कुणीच नाही रे." आणि मला हसू फुटलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी थांबेना. बायकांना वाटलं हुंदका आला. दोघी-तिघींनी धरून बसवलं, पाठीवरून हात फिरवला. त्यांना काय सांगणार होते? मी हसत होते आणि त्याच वेळी तुमच्यावर इतकी चिडले होते, की समोर असतात तर पळी घेऊन मागे लागले असते.

बावीस वर्षं लोकांच्या कोठ्या सांभाळल्यात. लग्नघरातली शिधासामानाची ती एक खोली, तिची किल्ली तुमच्या कमरेला, आत तुपाच्या उपड्या डब्यावर तुम्ही. आचाऱ्यानं दहा किलो साखर मागितली की आठ द्यायची आणि म्हणायचं, "एवढी ने आधी, लागली तर ये की परत." शेवटच्या पंगतीची बुंदी पहिल्या पंगतीच्या आधीच घमेल्यात काढून पोत्याखाली झाकून ठेवायची. तुम्ही कोठीवर असलात की कुणाच्याच कार्यात काही कमी पडलं नाही. कमी पडलं ते तुमच्या स्वतःच्या कार्यात. याला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा.

तेरा दिवस जो येतो तो एकच बोलतो. "नाही हा शब्दच नव्हता बघा तात्यांकडं." मी मान डोलवायची. पहिले दोन-तीन दिवस ऐकून बरं वाटलं, मग राग यायला लागला आणि नंतर नुसती लाज वाटायला लागली. कारण ते खरं नाही. तुम्ही एकदा नाही म्हणाला होतात. ज्याला म्हणालात त्याला ती थट्टा वाटली, पण तो गेल्यावरही तुम्ही माझ्यापाशी नकोच म्हणत होतात. ते ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी गप्प बसले तर ते कुणालाच कळणार नाही. आज माणसं गेली, आत्याबाई लेकाच्या दुःखानं आतल्या खोलीत पडल्या आहेत, सासरहून आलेली सुनंदा पातेली घासते आहे. विलासच्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन मी बसले आहे. सातवी पास बाईला जमेल तसं लिहिते.

आधी भांडण पुरं करते. ते अर्धंच राहिलं आहे.

माझं म्हणणं काय होतं? फार नव्हतं. गिरणीच्या टाइम ऑफिसात सात ते साडेतीन माणसांच्या हजेऱ्या घेऊन, सुपरवायझरची बोलणी खाऊन यायचं, तर आल्यावर तासभर पाठ टेकायची. चहा गरम असताना प्यायचा. पण तुमचा पाय उंबऱ्याच्या आत पडायच्या आधी ओट्यावर दोन माणसं बसलेली. एकाला साखरेच्या परमिटसाठी अर्ज लिहून हवा, दुसऱ्याच्या पोरीचं लग्न ठरलेलं. "तात्या, कोठीवर तुमीच." आणि तुम्ही तारीखसुद्धा न विचारता म्हणणार, "व्हय, येतो की."

त्यांना तुम्ही 'येतो की' म्हणायचात आणि त्याचं ओझं घरात आणून आमच्यावर टाकायचात. बाहेर इतके मऊ, की कुणी केळ्यासारखं सोलावं, आणि घरात शिरलात की कपाळावर ही आठी. जेवताना घास हातातच, ओठ हलताहेत, किती पानं, किती लाडू. विलास गणित घेऊन आला की "आता नको" म्हणून खेकसायचं. एकदा भाकरी थोडी करपली म्हणून ताट सरकवून उठलात. मी ती भाकरी तशीच ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा तीच वाढली, आठवतं? मुकाट खाल्लीत. बोलणार कसं? पार्टिशनच्या पलीकडे आत्याबाई, अलीकडे दोन दीर, मधे मुलं. आपण बावीस वर्षं कुजबुजत भांडलो. तोंड भरून भांडायला कधी मोकळी जागा मिळाली नाही, त्यामुळे एकही भांडण नीट संपलं नाही.

मी म्हणायची, "एकदा नाही म्हणून बघा, आभाळ कोसळतंय का." तुम्ही म्हणायचात, "माणूस अडलेला असतो गं." मी म्हणायची, "मी नाही अडलेली?" यावर तुम्ही वर्तमानपत्र उघडायचात.

आणि ते किल्ल्यांचं प्रकरण? एकाच मुहूर्ताची दोन लग्नं घेऊन बसलात, एक शुक्रवार पेठेत, एक भवानी पेठेत. तारीख विचारायची नाही, मग दुसरं काय होणार! दोन्हीकडे कोठीला कुलूप ठोकून मधेच घरी आलात, घामेजलेला सदरा बदललात, आणि एक किल्ली जुन्या सदऱ्याच्या खिशात ठेवून दुसरीच घेऊन सायकलवर पळालात. मला ती सापडली, पण कुठली ते कसं कळावं? शुक्रवार पेठेत गेले. पानं मांडलेली, मीठ-लिंबू वाढलेलं, माणसं पाटावर बसलेली, आणि आचारी कुलपाकडे बघत उभा. किल्ली लागेना. मग टांगा करून भवानी पेठेत. तिथंही पानं मांडलेली, आणि तुम्ही चुकीची किल्ली कुलपात घालून हलवताय, कुलूपच बिघडलंय म्हणून आचाऱ्याला सांगताय. यजमानीणबाई तेलुगूत काय बोलत होती ते कळलं नाही, पण सूर कळला. मी किल्ली हातात दिली, तुमच्या हातातली घेतली आणि शुक्रवार पेठेत परत जायला टांग्यात बसले. टांगेवाला म्हणाला, "वैनी, अजून कुटं ऱ्हायलंय का?" तेव्हा रडायला आलं होतं. आता लिहिताना पुन्हा हसायला येतंय, मेलं.

पण सुनंदाच्या लग्नाचं मी विसरत नाही. आणीबाणीचं साल. आपली थोरली पोर. वधूपित्यानं कोठीवर बसायचं नसतं, म्हणून तुमचे मित्र शकूरभाई, लॉरीवाले, त्या दिवशी कोठीवर. माणूस चोख. तुमच्याच हाताखाली शिकलेला. अंतरपाट धरला, भटजी विचारताहेत, वधूपिता कुठं आहेत? मी मांडवभर बघतेय. विलासला पाठवलं, तर तुम्ही कोठीत! नवा फेटा डोक्याला, आणि आचाऱ्याशी तुपावरून घासाघीस. शकूरभाई हात जोडून म्हणताहेत, "अरे तात्या, तुम जाव ना, मै बैठा हूं ना इधर." तुम्ही आलात तेव्हा अक्षता उधळायला सुरुवात झाली होती. हाताला तूप तसंच. सुनंदानं वर बघितलं नाही. तिच्या शालूवर तुमच्या बोटांचे डाग पडले, ते अजून आहेत. त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात जे बोलले ते या वहीत लिहिण्यासारखं नाही.

आता दुसरी बाजू. ती नाही लिहिली तर तुम्ही म्हणाल, ही बाई नुसती खोड काढते.

कोठीतून तुम्ही कधी एक लाडू घरी आणला नाहीत. इतर माणसं कार्यावरून डबा भरून आणायची. तुम्ही तुपाचा वास घेऊन यायचात आणि घरी कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर मोडून खायचात. मला चीड यायची. पण मुलांना "तात्यांची पोरं" म्हणून पेठेत जी किंमत होती ती त्या रिकाम्या हातांमुळे होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. दुष्काळाच्या सालात माझे वडील आणि माझ्या भावाची, भगवानची, दोन मुलं मंगळवेढ्याहून सोलापुरात आली आणि आठ महिने आपल्या अडीच खोल्यांत राहिली. बारा माणसं. तुम्ही एकदाही तोंड वाकडं केलं नाहीत. वडिलांसाठी रोज बंब पेटवून द्यायचात, कामाला जायच्या आधी. आणि माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना या घरात चूल पेटली नाही. डबे येत होते. ज्यांच्या नावानं मी बोटं मोडली त्याच बायकांच्या हातचं खाऊन उठून बसले. हे तुमचंच होतं सगळं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही घरात असायचात कधी?

गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला. मीठ बंद, धावपळ बंद. तुम्ही म्हणालात, एवढे मुहूर्त संपू देत. मग यंदाच्या फाल्गुनात एके दिवशी ओट्यावर चपलांचा आवाज झाला आणि तुम्ही मला म्हणालात, "सांग, घरात न्हाईत म्हणून." मला वाटलं, कान वाजले. तुम्ही स्वयंपाकघरात शिरून चुलीमागे उकिडवे बसलात, पोरांच्या खेळात बसावं तसे. मी दारात उभी राहून छान खोटं बोलले. तर तो माणूस म्हणाला, "लई अडचण हाय वो वैनी." झालं! तुम्हीच हात झटकत बाहेर. "काय अडचण हाय?" त्या माणसापुढे माझं तोंड कुठं लपवू असं झालं. तुम्हाला त्याचंही काही नाही.

पण तुम्ही लपलात, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं. बावीस वर्षांत लपला नव्हतात.

मग चैत्रात माझा भाऊ आला. भगवान. ज्वारीचं पोतं एस्टीच्या टपावरून उतरवून हातगाडीनं घरी आणलं, चहा प्यायला आणि म्हणाला, "दाजी, मंगलचं लगीन ठरलं. कोठीवर तुमीच. दुसऱ्या कुनाच्या हाती किल्ली द्यायला माजं मन घेत न्हाई."

मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. 'येतो की' येणार म्हणून वाटच बघत होते. तुम्ही कप खाली ठेवलात आणि हसून म्हणालात, "नाही भगवान. जावयानं कोठीवर बसू नये. सासरच्या कार्यात मी पाटावर बसणार. हात धुवायला पाणी तुम्ही घालायचं."

भगवान थट्टा समजून हसला, तरी त्याचं तोंड उतरलं. "सांजच्याला येतो, इचार करून ठिवा की," म्हणून बाजारात गेला. तो गल्लीच्या वळणाला गेला असेल नसेल, मी सुरू झाले.

त्या दिवशी आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मुलं बाहेर. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा मला आवाज चढवून भांडायला मिळालं, आणि मी ते कुठं वापरलं बघा. काय काय बोलले! सगळ्या पेठेला हो आणि माझ्याच माहेराला नाही? आजच बरा आठवला जावयाचा मान? माझ्या भावाचीच पोर तेवढी जड झाली? तुम्ही म्हणालात, "तसं नाही गं. पण या खेपेला नको." मी म्हटलं, "मग कसं, सांगा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काहीतरी ओठांवर आलं होतं. मग वर्तमानपत्राची घडी घातलीत, ती नीट केलीत, पुन्हा केलीत आणि म्हणालात, "बरं."

संध्याकाळी भगवानला मीच दारात सांगितलं, येतील म्हणून. तुम्ही मागे उभे होतात.

मंगळवेढ्याला दोन दिवस. वैशाखाचं ऊन. पत्र्याची खोली, खिडकी नाही, गुळावर माश्या. मी नव्या साडीत मांडवभर फिरत होते. बायका म्हणत होत्या, "जावई असून कोठीवर बसला बाई, केवढं मोठं मन." मला केवढी फुशारकी वाटत होती. आयुष्यभर तुमच्या ज्या गुणाला मी नावं ठेवली तो माझ्या माहेरात मिरवून घेतला. दुपारी एकदा कोठीच्या दारातून डोकावले. डोक्यावर ओला पंचा घेऊन डब्यावर बसला होतात, भिंतीला टेकून. कधी टेकत नव्हतात. मी विचारलं, "पाणी देऊ?" तुम्ही हातानंच खुणावलंत, जा. कुणीतरी मला ओटी भरायला हाक मारली आणि मी गेले.

परतताना एस्टीत तुम्ही खिडकीची जागा मागून घेतलीत. नेहमी मला द्यायचात. सोलापूर येईपर्यंत एवढंच बोललात, "शेवटच्या पंगतीलाबी बुंदी पुरली." मला वाटलं, ऐट दाखवताय. मी म्हटलं, "मग? उगीचच 'नाही' म्हणत होता."

हे माझे शब्द. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात.

लग्नाहून परतल्यावर नवव्या दिवशी सकाळी गिरणीचा पहिला भोंगा झाला. तुम्ही सदऱ्यात एक हात घातला आणि खाटेवर बसलात. दुसरा हात घालायचा राहिला. डॉक्टर म्हणाले, जुनं दुखणं होतं, कधीही झालं असतं, मनाला लावून घेऊ नका. चांगले आहेत ते डॉक्टर. सगळ्यांना तसंच सांगत असतील.

आज सकाळी भगवान निघाला. पिशवी खांद्याला लावून चौकटीत उभा राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आक्का, दाजी कुनाला न्हाई म्हनले न्हाईत बघ. मला थट्टेनं न्हाई म्हनले, अन् सांजच्याला तयार झाले."

तेरा दिवस गिळलं होतं ते तिथं गिळता आलं नाही. मी म्हटलं, "न्हाई म्हनले हुते, भगवान."

"कवा?"

"तू बाजारात गेल्तास तवाबी न्हाईच म्हनत हुते. म्या भांडले. म्या पाठवलं त्यास्नी."

तो पिशवीसकट खाली बसला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, एक शिवी देईल, निदान रडेल तरी. पातेली घासायचा आवाजही थांबला होता, म्हणजे सुनंदानं ऐकलं असणार. मग तो हळूच म्हणाला, "मला सांगायचं की गं आक्का. शेजारचे मास्तर हुते की. त्यास्नी बसवलं असतं."

मास्तर. भगवानच्या घरापासून दोन घरं सोडून राहतात. लग्नात दोन्ही दिवस मांडवात खुर्चीवर बसून होते, कुणी काम सांगतं का म्हणून वाट बघत.

भगवानची एस्टी चुकली. तो दुपारच्या गाडीनं गेला. सुनंदानं भाकरी बांधून दिली, माझ्याशी ती अजून बोललेली नाही. बोलेल. तुमच्याशीही ती लग्नानंतर चार महिने नीट बोलत नव्हती.

आणि तुम्ही. बावीस वर्षं मी तुमच्या तोंडून एक नाही ऐकायची वाट बघितली. ते आलं तर जावयाच्या मानाचं सोंग घेऊन आलं. थकलोय म्हणायला काय झालं होतं? मला भीती वाटते म्हणायला काय झालं होतं? पेठेतल्या प्रत्येकाची अडचण तुम्हाला न सांगता कळायची, आणि स्वतःची मला सांगताना वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसलात. याचा मला राग आहे आणि तो लवकर जाणार नाही. तुम्ही सरळ 'थकलो' म्हणाला असतात तर मी तुम्हाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं, असं मी तेरा दिवस स्वतःला सांगते आहे. त्या दिवशी माझा आवाज किती चढला होता ते आठवलं की मात्र खात्री वाटत नाही.